ड्रायवॉशर चालतोय, पण बारीक सोनं टेलिंगमध्ये जातंय: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. दिवसभरात वीस बादल्या माल ड्रायवॉशरमधून, म्हणजे पाण्याऐवजी हवेच्या झोतानं मातीतलं सोनं वेगळं करणाऱ्या यंत्रातून, काढला. रिफलमध्ये, म्हणजे यंत्राच्या उतरत्या बॉक्सवरच्या आडव्या पट्ट्यांमागे, जड काळी वाळू भरपूर, सोन्याचे जाडसर कण दोन-चार. मागच्या ढिगातली टाकाऊ माती, म्हणजे टेलिंग, सहज म्हणून पॅनमध्ये (सोनं घोळायच्या पसरट थाळीत) घोळून पाहिली, तर तिथं बारीक कणांची पिवळी रेघ. त्यानंतर लोक पहिला हात घालतात बॉक्सच्या उताराला, दुसरा ब्लोअरच्या वेगाला. या दोन्ही गोष्टी शेवटी बघायच्या असतात. दहातल्या सहा-सात वेळा दोष मातीतल्या ओलीचा निघतो, त्याखालोखाल न चाळता ओतलेल्या मालाचा. आणि कधी कधी ड्रायवॉशरनं सोनं नीट धरलेलं असतं, ते हरवतं शेवटी पॅन घोळायच्या टबातल्या गढूळ पाण्यात.

इथली उदाहरणं मुख्यतः पश्चिम ॲरिझोनातली आहेत: क्वार्ट्झसाइट, डोम रॉक डोंगर, प्लोमोसा, ला पाझचे जुने पट्टे. १८६२ साली ला पाझला सोनं सापडलं तेव्हा कोलोरॅडो नदी काही मैलांवर होती, पण सोनं ज्या घळींमध्ये होतं तिथं पाणी नव्हतं. म्हणून तिथं सुरुवातीपासून कोरडंच काम चाललं. पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी-कालगुर्लीकडे हेच यंत्र ड्रायब्लोअर म्हणून ओळखलं जातं. तिथल्या वेगळ्या अडचणी ओघात येतील. फिनिक्स किंवा पर्थकडे राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी हा उद्योग करणाऱ्या मराठी मंडळींना दोन्हीकडचं उपयोगी पडावं.

हवा पाण्याइतकी चांगली का नाही

ड्रायवॉशर म्हणजे खळ्यावरची उफणणीच: हलकं उडून जातं ते टाकायचं, जागच्या जागी बसतं ते ठेवायचं. वरच्या हॉपरच्या, म्हणजे माल ओतायच्या पेटीच्या, चाळणीतून पडलेला माल उतरत्या बॉक्सवर येतो. बॉक्सचा तळ सच्छिद्र कापडाचा असतो, खालून हवा येते. भाता असलेल्या यंत्रात ती झटक्याझटक्यानं येते आणि ब्लोअरवाल्यात सलग. हवेनं वाळू हलकी होऊन रिफलच्या पट्ट्यांवरून पुढे सरकते, जड कण पट्टीमागे कापडापाशी बसतात.

आता आकडे बघा. शुद्ध सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाची सुमारे ५.२. हवेत सोनं क्वार्ट्झच्या सातपट जड. पाण्यात दोघांचंही वजन पाण्याच्या घनतेनं कमी होतं, १८.३ भागिले १.६५, म्हणजे अकरापट. हा सातपट-अकरापटचा फरक म्हणजेच कोरड्या कामातलं नुकसान. त्याचा व्यवहारातला अर्थ असा: हवेच्या झोतात ०.३ मिलिमीटरचा गोल सोन्याचा कण आणि साधारण दोन मिलिमीटरचा क्वार्ट्झचा खडा जवळपास सारखे वागतात. कण चपटा असेल तर त्याहून लहान खडाही त्याला पुरून उरतो. वाळवंटातलं बरंचसं बारीक सोनं चपटंच असतं. शिवाय नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असते, त्यामुळे त्याची खरी घनता १९.३ पेक्षा कमीच भरते.

म्हणून पन्नास मेशच्या (चाळणीच्या एका इंचात पन्नास छिद्रं) खालचं, म्हणजे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक सोनं ड्रायवॉशर सगळंच्या सगळं धरेल ही अपेक्षा सोडून द्या. त्याहून जाड जात असेल तर मात्र दुरुस्ती हवी.

आधी मोजा, मग स्क्रू फिरवा

अंदाजानं काहीही बदलण्याआधी शिशाची चाचणी करा. अर्धा तास जातो, पण पुढची धावपळ वाचते.

१. नऊ नंबरचे छर्रे घ्या. त्यांचा व्यास सुमारे दोन मिलिमीटर असतो. हातोडीनं चपटे करा, कात्रीनं प्रत्येकाचे चार तुकडे करा. असे वीस तुकडे मोजून घ्या आणि मार्करनं लाल रंगवा.

२. नेहमीच्या मालाची एक बादली हॉपरमधून जाऊ द्या, म्हणजे रिफल भरतील. दुसऱ्या बादलीच्या मध्यावर हे तुकडे मिसळा. तिसरी बादली साधी.

३. रिफल एकत्र रिकामे करू नका. वरचे दोन, मधले आणि शेवटचे दोन असे तीन वेगळ्या डब्यांत काढा आणि वेगवेगळे घोळा.

वीसपैकी अठरा किंवा जास्त मिळाले, तेही बहुतेक वरच्या दोन रिफलांत, तर यंत्र ठीक आहे. पंधरा ते सतरा मिळाले तर काहीतरी जुळवायचं आहे. पंधराच्या खाली गेलं तर काम थांबवा. एकूण आकड्यापेक्षाही शेवटच्या दोन रिफलांकडे लक्ष द्या: तिथं तीन-चार तुकडे पोचले असतील तर काही नक्कीच बाहेर गेलेत. शिशाची घनता ११.३, सोन्यापेक्षा बरीच कमी, त्यामुळे ज्या आकाराचं शिसं थांबतं त्या आकाराचं सोनं थांबणारच. त्याहून बारीक कणांबद्दल ही चाचणी काही सांगत नाही, त्यासाठी टेलिंगच घोळावं लागतं. हात धुवा, आणि राहिलेले तुकडे शोधून परत डब्यात टाका. शिसं मातीत सोडून यायचं नाही.

टेलिंगचा नमुना घेताना ढिगाच्या वरून मूठ उचलू नका. बॉक्सच्या तोंडाखाली दर पाच मिनिटांनी एक वाटी धरा, बादलीभर जमलं की वीस मेशच्या चाळणीतून गाळा आणि खालचं तेवढं घोळा. ढिगाच्या वरच्या थरात काय असेल हे वाऱ्यावर अवलंबून असतं.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. उतारही बदलला, हवाही वाढवली आणि नुकसान थांबलं, तर कशानं थांबलं हे कधीच कळत नाही.

ओल: नेहमीचा गुन्हेगार

वरून माती पिठासारखी कोरडी दिसते, म्हणून फसगत होते. सोनं असतं एक-दोन फुटांखाली, कातळाला किंवा कॅलिचीच्या (चुनखडीनं घट्ट झालेल्या खडीच्या) थराला लागून, आणि तिथं हिवाळ्यातल्या पावसाची ओल कित्येक आठवडे टिकते. ॲरिझोनात पावसाचे दोन हंगाम असतात, हिवाळ्यातला संथ आणि मध्य जून ते सप्टेंबरअखेरचा मॉन्सूनचा वळीव. वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, वळवानंतर वरचं दोन दिवसांत सुकतं, तळ सुकत नाही.

ओलसर वाळूत कण एकमेकांना धरून ठेवतात. बारीक सोनं मातीच्या पापुद्र्याला किंवा खड्याच्या पाठीला चिकटतं आणि त्या खड्याबरोबर सरळ बाहेर जातं. हवा कितीही मारा, ते सुटत नाही. वर हीच ओल कापडाची छिद्रं बुजवते, त्यामुळे हवा कमी पडते, मग माणूस ब्लोअर वाढवतो आणि जे कण बसले असते तेही उडतात. हे चक्र एकदा सुरू झालं की ड्रायवॉशर खराब आहे असंच वाटायला लागतं.

ओळखायचं कसं? मूठ आवळून सोडण्याची चाचणी सगळे करतात: गोळा टिकला तर माल ओला. पण गोळा फुटला म्हणजे कोरडा, असं नाही. त्याहून खात्रीची रीत म्हणजे दोन मुठी माल पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून वीस-तीस मिनिटं उन्हात ठेवा. आतून बाष्प धरलं तर माल चालवायचा नाही. अगदी मोजूनच हवं असेल तर एक किलो माल स्टोव्हवर जुन्या तव्यात भाजा आणि पुन्हा तोला. वीस-तीस ग्रॅम घटले तर त्रास ठरलेला.

सुकवायला ताडपत्री लागते, गडद रंगाची असेल तर उत्तम. पाच गॅलनची बादली म्हणजे १९ लिटर, खडीवाळूनं भरल्यावर सुमारे ३० किलो. अशा दहा बादल्या चार सेंटिमीटर जाडीनं पसरायला पाच चौरस मीटर जागा लागते. याहून जाड थर केला तर वरचं सुकतं आणि खालचं वाफाळत राहतं. दर अर्ध्या तासानं दाताळ्यानं उलटं-पालटं करा. उन्हाळ्यात एक-दोन तास पुरतात, जानेवारीत अर्धा दिवस जातो. दुपारी खोदायचं, संध्याकाळी पसरायचं, दुसऱ्या दिवशी दहानंतर चालवायचं हे वेळापत्रक बसतं, फक्त रात्री ताडपत्री दुमडून माल झाका. थंड रात्री दव पडतं आणि सकाळी आठला तोच माल पुन्हा चिकट झालेला असतो. यंत्राचं कापडही रात्री गाडीत ठेवा.

सुकवायला वेळ नसेल तर माल दोनदा चालवा. पहिल्या फेरीत हवा आणि आपटण्यानं तो बराच सुकतो आणि फुटतो, सोनं प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत मिळतं. पहिल्या फेरीचं टेलिंग जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर घ्या, म्हणजे परत भरताना खालची नापीक माती मिसळत नाही. पेट्रोल दुप्पट जातं हे खरं, तरी ओल्या मालाच्या एका फेरीपेक्षा हे परवडतं. जुन्या लोकांनी टाकलेल्या ढिगांत आजही सोनं निघतं त्यामागे हेही एक कारण आहे.

चिकणमाती आणि कॅलिची

ओल नाही, तरी टेलिंगमध्ये सोनं येतंय आणि ढिगात वाटाण्याएवढ्या गोल गोळ्या दिसतायत, तर त्यातली एक फोडा. ती आतून एकसंध मातीचीच असेल तर सोनं त्या गोळ्यांतून चाललंय. वाळलेली चिकणमाती हॉपरवर घरंगळताना आणखी गोल होते आणि वाटेतले सुटे कणही अंगावर घेते.

कॅलिची हा वेगळा प्रकार. तो चुनखडीनं सिमेंटसारखा घट्ट झालेला खडीचा थर असतो, पांढरट, कुदळीला खणखणीत वाजणारा. तुकड्यावर व्हिनेगर टाकलं की फेस येतो. सोनं बऱ्याचदा याच्या वर साचतं, कारण वाहत्या पाण्याच्या दृष्टीनं हा कातळच. पण थोडं आतही अडकलेलं असतं. थराला चिकटलेली वरची दोन-तीन बोटं खरवडून घ्या, अख्खे तुकडे हॉपरमध्ये टाकू नका. ते चाळणीवरून उड्या मारत मोठ्या दगडांत जातील आणि सोबत सोनं नेतील.

दोन्हींवर इलाज फोडणे हाच. जाड लोखंडी पत्र्यावर पसरून लाकडी मोगरीनं ठोका. चिकणमाती पूर्ण वाळल्याशिवाय ठोकू नका, नाहीतर तिची पोळी होते. फोडलेला माल अर्धा इंच चाळणीतून आणि मग पाव इंचातून काढा. ज्या जागी निम्म्याहून जास्त माल चिकणमातीच आहे तिथं ड्रायवॉशरच्या नादी लागू नये. अशा जागेचा निवडक माल, कातळाला लागलेल्या दोन-तीन बादल्या, गाडीत घालून घरी न्या आणि बादलीत भिजत घालून पाण्यानं धुवा.

चाळणी

हॉपरवरची अर्धा इंच जाळी दगड अडवते, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. वरच्या सातपटीच्या हिशेबात बघा: १२ मिलिमीटरचा खडा आणि ०.५ मिलिमीटरचं सोनं एकाच हवेवर सांभाळणं अशक्य आहे. खडा हलवायला जेवढी हवा लागते तेवढीत कण उडतो. हॉपरच्या जाळीवर पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरची दुसरी जाळी बसवली तर हवा कमी ठेवून चालवता येतं. शेवटच्या रिफलांतलं सोनं वर सरकायला हा एवढा बदल बऱ्याचदा पुरतो. सोनं फारच बारीक असेल तर आठ मेशपर्यंत, सुमारे २.४ मिलिमीटर, चाळून नमुन्यापुरती एक फेरी करून बघा. सगळा माल इतका बारीक चाळत बसणं एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

जाळीवरून गेलेले दगड फेकण्याआधी त्यावरून मेटल डिटेक्टर फिरवा. पाव इंच जाळी लावली की पाव इंचापेक्षा मोठं नगेट, म्हणजे सोन्याचा खडा, आपणच बाहेर टाकतो, हे विसरायला होतं.

हवा, भरण, उतार

रिफलमधल्या वाळूकडे बघून हवा ठरवा. पट्टीमागची वाळू संथ खदखदत असावी, बोट घातलं तर सहज कापडापर्यंत जावं. कारंज्यासारखे उडणारे ठिपके किंवा उघडं पडलेलं कापड दिसलं तर हवा जास्त आहे. बोट अडलं, वाळू थापलेली लागली, तर हवा कमी आहे, किंवा जड वाळू भरून आली आहे. दुसरी शक्यता लोक विसरतात. क्वार्ट्झसाइटकडे मॅग्नेटाइट भरपूर, कालगुर्लीकडे लोहखनिजाचे गोल जड खडे. दोन्ही ठिकाणी रिफल लवकर भरतो, आणि भरल्यावर नवीन सोन्याला बसायला जागाच नसते. एरवी दहा-बारा बादल्यांनी रिकामा करत असाल तर अशा जागी पाच-सहांनी करा. भात्याच्या यंत्रात झटक्यांच्या मधल्या क्षणी वाळू बसते, म्हणून चपट्या सोन्यावर भाता थोडा उजवा वाटतो. ब्लोअर दिवसभरात माल जास्त काढतो. सलग हवेच्या घर्षणानं कापडावर स्थिर वीज तयार होऊन बारीक सोनं धरलं जातं, असं सांगितलं जातं. कोरड्या हवेत थोडा फरक पडत असेल, पण त्या भरवशावर चाळणी टाळू नये.

भरण एकसारखं हवं. बादली एकदम उलटी केली की पाच सेंटिमीटर जाडीचा लोंढा बॉक्सवरून वाहतो आणि वरच्या थरातल्या सोन्याला खाली पोचायला वेळच मिळत नाही. हॉपरचं दार इतकंच उघडा की बॉक्सवरचा थर पट्टीच्या उंचीवर बोटभर राहील. उलट चूकही होते: पाणी प्यायला थांबलात आणि ब्लोअर चालूच ठेवला, तर रिफलमधली हलकी वाळू निघून जाते, बिछाना उघडा पडतो आणि बसलेलं सोनं सरकायला लागतं. भरण थांबलं की हवा थांबवा.

उताराला सुरुवात म्हणून दर ३० सेंटिमीटर लांबीला ८ ते १० सेंटिमीटर उंची द्या. माल चालत गेला पाहिजे, धावता कामा नये. बॉक्स आडवा समपातळीत आहे का, हे पाणसळीनं तपासा. एका बाजूला झुकला तर सगळा माल त्याच बाजूनं जातो आणि अर्धा रिफल रिकामाच राहतो.

कापड काढून सूर्याकडे धरा. प्रकाशाचे ठिपके सगळीकडे सारखे दिसले पाहिजेत. काळे डाग म्हणजे बुजलेली छिद्रं: उलट बाजूनं काठीनं झटका, नाहीतर पंपानं हवा मारा. मोठे चमकते ठिपके म्हणजे भोकं. कापडाखालची हवेची पेटी उघडून तिथली धूळही एकदा घोळा. कडेची पट्टी सैल असेल तर सोनं टेलिंगमध्ये नाही, तिथं सापडतं.

आता पाणी: शेवटच्या टप्प्यातलं नुकसान

इथवर सगळं नीट झालं आणि तरी घरी आल्यावर हाती कमी लागलं, तर टबाकडे संशयानं बघा. वाळवंटात चाळीस लिटर पाणी घेऊन बसलेला माणूस तेच तेच वापरतो, आणि तिथं तीन गोष्टी बिघडतात.

पहिली: कोरडं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे रिफलमधून काढलेला जड माल, सरळ पाण्यात ओतलं की बारीक चपटे कण पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगतात. हे डोळ्यांनी दिसतं, पिवळी चकती पाण्यावर फिरत असते. हाताचं तेल किंवा ब्लोअरच्या इंधनाचा अंश लागला तर आणखीच. उपाय असा की रिफलमधला माल आधी बादलीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून रात्रभर भिजवा, निदान तासभर तरी. टबात पाच लिटरला एक-दोन थेंब पुरे. फेस आला तर साबण जास्त झाला.

दुसरी: घोळण्याआधी चाळलेलं नसतं. कॉन्सन्ट्रेट वाळलेलं असतानाच वीस मेशच्या, ०.८४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. वरचा माल थाळीत पसरून नजरेनं आणि डिटेक्टरनं तपासता येतो, त्याला पाणी लागत नाही. खालच्यातून लोहचुंबकानं मॅग्नेटाइट काढा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मालावरून अधांतरी फिरवा, आणि निघालेली काळी वाळू दुसऱ्या थाळीत सोडून तीच क्रिया पुन्हा करा, कारण पहिल्या झटक्यात वाळूच्या गुच्छात सोनंही ओढलं जातं. हेमेटाइट हे दुसरं लोहखनिज चुंबकाला जेमतेम दाद देतं, ते पाण्यातच काढावं लागतं. एवढं केल्यावर पाण्यात घोळायचा माल चौथाईवर येतो, आणि पाण्याची खरी बचत तीच.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित: गढूळ पाणी. चिकणमाती तरंगत असलेलं पाणी दाट होतं, त्यात बारीक सोनं हळू बसतं आणि पॅनच्या ओठावरून निघून जातं. टबात हात घाला, पाच-सात सेंटिमीटरवर बोटं दिसेनाशी झाली की थांबा. पाणी फेकायची गरज नाही, तुरटी फिरवा.

वीस लिटर गढूळ पाण्याला दोन ते चार ग्रॅम तुरटीची पूड, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण चहाचा चमचा. आधी कपभर स्वच्छ पाण्यात विरघळवून घ्या, खडा नुसता टबात फिरवण्यापेक्षा हे मोजून होतं. ओतल्यावर एक मिनिट जोरात ढवळा, मग पाच मिनिटं अगदी सावकाश. गाळाचे पुंजके दिसायला लागले की हात काढा. अर्ध्या ते एका तासात वरचं पाणी निवळतं, नळीनं सायफन करून दुसऱ्या बादलीत घ्या, तळाचे तीन-चार लिटर सोडा. पुंजके आलेच नाहीत तर आणखी एक ग्रॅम घालून बघा. साबण आधीच जास्त पडला असेल तर गाळ बसायला फार वेळ घेतो, म्हणून आधी निवळणं, मग साबण हा क्रम पाळा. हे पाणी पिण्याचं नाही, बादलीवर तसं लिहून ठेवा. तळाचा चिखल ताडपत्रीवर वाळवून घरी आणा आणि एकदा मोकळ्या पाण्यात घोळा. त्यात सोनं निघालं तर टबात घाई होत होती असं समजा.

छोटा रिसर्क्युलेटिंग स्लूस (तेच पाणी फिरवून माल धुणारी पट्ट्यांची पन्हाळ) लावत असाल तर बारा व्होल्टचा, तासाला ५०० गॅलन देणारा बिल्ज पंप, म्हणजे बोटीतलं पाणी उपसायचा पंप, पुरतो. तो साधारण दोन अँपिअर घेतो, बारा अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चार-पाच तास चालतो. पंप टबाच्या तळाशी ठेवू नका. छिद्रं पाडलेल्या छोट्या बादलीत, वर जाळीचं कापड बांधून, तळापासून एक वीत वर टांगा. नाहीतर वाळूनं पंख्याची वाट लागते आणि स्लूसमध्ये तीच गढूळ वाळू फिरत राहते. दोन टब एका नळीनं जोडले, पहिल्यात गाळ बसतो आणि दुसऱ्यातून पंप ओढतो, तर तुरटीची गरज निम्म्यानं कमी होते.

पिण्याचं पाणी या हिशेबाबाहेर ठेवा, माणशी दिवसाला चार लिटर तरी, उन्हाळ्यात जास्त, आणि त्या कॅनला हात लावायचा नाही.

धुरळा, पारा, परवाना

ड्रायवॉशरचा धुरळा सिलिकाचा असतो. शिवाय ॲरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते, ती श्वासातून फुफ्फुसात जाते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा आणि एन-९५ किंवा पी-१०० मास्क लावा, रुमाल चालणार नाही. ब्लोअरचा एअर फिल्टर दर दोन-तीन तासांनी झटका. इंजिन गुदमरलं की हवा कमी होते आणि दोष पुन्हा उताराला दिला जातो.

जुन्या पट्ट्यांत चांदीसारखं पांढरट, ठिसूळ सोनं मिळतं. ते पूर्वीच्या पाऱ्यानं माखलेलं असतं. ते तापवू नका, पाऱ्याची वाफ जीव घेते. वेगळ्या बंद बाटलीत ठेवा. बारीक सोनं धरायला स्वतः पारा वापरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

ॲरिझोनात केंद्राच्या बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) जमिनीवर जागा रिकामी दिसली तरी तिथं कुणाचा तरी क्लेम, म्हणजे खाणकामाचा नोंदवलेला हक्क, असू शकतो. बीएलएमच्या एमएलआरएस या ऑनलाइन नोंदीत आधी तपासा आणि मोटरचं यंत्र चालतं का हे स्थानिक कार्यालयाला विचारा. राज्याच्या ट्रस्ट जमिनीला वेगळा परवाना लागतो. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला कोफा वन्यजीव राखीव क्षेत्र आणि युमाचं लष्करी चाचणी क्षेत्र आहे, तिथं फावडं लावायचं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात मायनर्स राइट हा परवाना घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या एक्स्प्लोरेशन लायसन्सच्या (खनिज शोधाच्या परवान्याच्या) हद्दीत ४०ई परमिट वेगळं. भारतात १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखाली परवान्याशिवाय खनिजाचा शोधही घेता येत नाही, त्यामुळे हे यंत्र मागवून गावाकडच्या नदीकाठी लावायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

सगळं जुळवल्यावर शिशाची चाचणी पुन्हा करा. वीसपैकी अठरा येतात, टेलिंग स्वच्छ आहे आणि तरी दहा बादल्यांमागे दोन-तीन बारीक कणांपलीकडे काही नाही, तर यंत्राशी खेळणं थांबवा. त्याच वॉशमध्ये दहा मीटर वर आणि दहा मीटर खाली, वळणाच्या आतल्या अंगाला कातळापर्यंत एकेक खड्डा घ्या, प्रत्येकी दोन बादल्या तळाचा माल चालवा, आणि ज्या खड्ड्यात जाड कण येतात तिथं ताडपत्री हलवा.